गुडघ्यात घ्यायच्या जेल इंजेक्शनांच्या 'पॅकेज'चा अनुभव: पाचपैकी दोन तारे

क्लिनिक ठाण्यात, नौपाड्यात आहे, पहिल्या मजल्यावर. २१ पायऱ्या, लिफ्ट नाही. गुडघ्यांचा दवाखाना आणि लिफ्ट नाही, असं मी पहिल्याच दिवशी बोललो तर रिसेप्शनवरची मुलगी हसून म्हणाली, "काका, इंजेक्शननंतर उतरताना सोप्या वाटतील." नाव इथे देत नाही. ज्याला ओळखायचंय तो पायऱ्या मोजून ओळखेल.

मी एसटीत ३१ वर्षं कंडक्टर होतो, खोपट डेपोला. आता वय ६४, राहायला चरईत. भरल्या गाडीत दोन्ही हात मोकळे ठेवायचे, एकात ट्रे आणि एकात पंच, म्हणजे तोल सांभाळायला डावा गुडघा सीटच्या लोखंडी कडेला रेटून उभं राहायचं. भिवंडीच्या रस्त्यावर तर गुडघा हाच माझा दांडा. त्याने आता हिशोब मागितला. एक्स-रे काढला तर डॉक्टर म्हणाले ग्रेड तीन, फट कमी झालीय, कडेला हाड वाढलंय.

मी माळकरी. दरवर्षी पूर्ण वारी जमत नाही, पण पुणे ते सासवड हा टप्पा मी सोडत नाही. गेल्या वर्षी दिवेघाटात निम्म्यावर बसलो आणि एका टेम्पोवाल्याने वर नेऊन सोडलं. माऊलींच्या पालखीपुढे टेम्पोत बसून जायचं, ही गोष्ट मला वर्षभर टोचत राहिली. म्हणून क्लिनिकच्या भिंतीवर 'ऑपरेशन टाळा, पुन्हा चाला' वाचलं आणि पाय आपोआप त्या २१ पायऱ्या चढले.

डॉक्टर बोलायला गोड. टेबलावर प्लास्टिकचा गुडघा, तो हातात घेऊन उघडझाप करत म्हणाले, "तुम्ही एसटीवाले ना? मग सोपं आहे. गाडीला ग्रीसिंग करतो तसं समजा." बास. ग्रीसिंग शब्दावर मी विकला गेलो. पुढचं काही विचारलंच नाही, हा माझा दोष. दर आठवड्याला एक अशी तीन इंजेक्शनं, पॅकेज १६,५००, आगाऊ. इंग्रजीतल्या कागदावर "इथे सही काका, आणि इथे". अंडी, कोंबडी, कसली अ‍ॅलर्जी, काही विचारलं नाही. हे का लिहितोय ते पुढे येईल.

पहिलं इंजेक्शन उत्तम. खोटं कशाला बोलू. कापसाने पुसलं, वाटीच्या बाजूने सुई, थोडा दाब जाणवला, पाच मिनिटांत खाली रस्त्यावर. दोन दिवस जडपणा आणि मग खरोखरच जरा बरं वाटलं. तलावपाळीला एक फेरी जास्त मारली आणि ओळखीच्या चार जणांना क्लिनिकचा पत्ताही दिला. त्यातला एक जण पुढे गेला नाही, नशीब त्याचं.

दुसरं इंजेक्शन शुक्रवारी संध्याकाळी सहाला. तेच डॉक्टर, तीच सुई, तेच सगळं. शनिवारी दुपारपर्यंत काही नाही. संध्याकाळी हरिपाठाला बसलो तर मांडी घालता येईना. आठपर्यंत गुडघ्याची वाटी दिसेनाशी झाली. नुसती बुजली नाही, वर नारळासारखा गोल आला, कातडी ताणून चकचकीत. रात्री पंख्याच्या वाऱ्याने चादर हलून गुडघ्याला लागली तरी ओरडायचो. संडासला जायचं तर भिंत धरून, मागून ही धरून. हिने हात लावून पाहिला आणि म्हणाली, "अहो, तवा आहे हा." ताप मात्र ९९.४, म्हणजे तापही धड नाही.

क्लिनिकच्या पावतीवर मोबाइल नंबर होता, 'इमर्जन्सी २४ तास' असं लिहून. तो त्या रिसेप्शनच्या मुलीचा निघाला. बिचारी बदलापूरला घरी, मागे टीव्ही चालू. तिला जे शिकवलं होतं ते तिने सांगितलं: "काका, इंजेक्शननंतर थोडं दुखतंच, बर्फ लावा, गोळी घ्या, सोमवारी सरांना दाखवा." डॉक्टरांना फोन जोडून दे म्हटलं तर सर गावाला गेलेत. मी बर्फ लावला. फ्रीजमधल्या वाटाण्याच्या पिशवीने काही होईना. रात्रभर घड्याळ बघत पडून होतो. वाशिंदहून मुलगी पहिल्या लोकलने आली आणि माझं काही न ऐकता मला रिक्षात घातलं. चरई ते कोर्ट नाका एवढ्यात किती खड्डे आहेत ते मला त्या दिवशी कळलं. इतकी वर्षं मी ते उभ्याने पार केले होते, बसून पहिल्यांदाच.

ज्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत गेलो तिथली डॉक्टर माझ्या मुलीपेक्षा लहान. तिचा पहिला प्रश्न: "इंजेक्शन कसलं होतं? स्टेरॉइड, जेल की रक्तातलं पीआरपी?"

मी म्हटलं, "ग्रीसिंग."

ती हसली नाही. पावती मागितली. पावतीवर 'इंट्रा-आर्टिक्युलर प्रोसिजर, डावा गुडघा, ३ सिटिंग, १६,५००', म्हणजे सांध्याच्या आत काहीतरी केलं, एवढंच. औषधाचं नाव नाही, कंपनी नाही, बॅच नाही. १६,५०० रुपयांचा माल अंगात घातला आणि हातात तिकीट नाही! आमच्याकडे दोन रुपयांच्या तिकिटालाही नंबर असायचा. सुट्टे नसले तर तिकिटाच्या मागे रक्कम लिहून द्यायचो आणि उतरताना पॅसेंजर ते दाखवून पैसे न्यायचा. चेकर चढला तर पहिल्या तिकिटापासून शेवटच्यापर्यंत नंबर जुळायला हवा, नाही जुळला तर नोकरीवर गदा. आणि इथे?

नाव कळलं असतं तर काय झालं असतं, हे त्या डॉक्टर मुलीने मला गुडघ्यावर हात ठेवून समजावलं, तेही घाईत नाही. स्टेरॉइड दिलं असेल तर त्याच्या बारीक स्फटिकांमुळे कधीकधी पहिल्या एक-दोन दिवसांत गुडघा भडकतो आणि आपोआप बसतो. जेल, म्हणजे वंगणासारखा चिकट माल, दिलं असेल तर साधारण एक ते तीन दिवसांत सुजतो, पाणी भरतं, आणि ते बऱ्याचदा पहिल्या नव्हे तर दुसऱ्या-तिसऱ्या इंजेक्शनला होतं, कारण तोवर शरीर त्या मालाला ओळखून विरोध करायला लागलेलं असतं असं मानतात. आणि तिसरी शक्यता म्हणजे सुईबरोबर जंतू आत गेले. ती दुर्मिळ, पण ती असेल तर सांध्यातली कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत गादी, काही दिवसांत खराब होते, माणूस सेप्टिक होऊ शकतो. मला नको ती गोष्ट तिने वर सांगितली: बाहेरून तिन्ही सारखेच दिसतात, आणि ताप नाही म्हणजे जंतू नाहीत असं धरून चालत नाही. "त्यामुळे काका, पाणी काढून तपासल्याशिवाय मी तुम्हाला बर्फ लावा म्हणून घरी पाठवणार नाही." शनिवारी रात्री फोनवर बर्फ लावा ऐकलं होतं, ते माझ्या डोक्यात तेव्हा खणकन वाजलं.

पाणी काढणं लिहिण्यासारखं आहे. कातडी बधिर केली, मग इंजेक्शनच्या दुप्पट जाड सुई. पहिली सिरिंज भरली, सुई तिथेच ठेवून दुसरी लावली, मग तिसरी अर्धी. एकूण ४५ मिली. पिवळं, गढूळ, ताकाच्या निवळीत हळद पडावी तसं. आणि काढता काढता दुखणं असं उतरलं की मला रडू आलं. कंडक्टर माणूस, तीन दशकं शिव्या खाल्ल्या, रडलो नव्हतो. त्या डॉक्टरने सुईच्या टोकावरून एक थेंब सोडला आणि हिला म्हणाली, "मावशी, चिकटपणा बघा." निरोगी सांध्यातलं पाणी सोडलं की एकतारी पाकासारखी तार येते. माझ्या पाण्याला तार नव्हती. टपकन पाण्यासारखं पडलं. ही म्हणाली, "पाक बिघडला." डॉक्टर पहिल्यांदा हसली.

रिपोर्ट: पांढऱ्या पेशी २८,०००. निरोगी सांध्यात २००च्या आत असतात, जंतू असले की बऱ्याचदा ५० हजारांच्या वर जातात. माझा आकडा मधेच लोंबकळत. स्लाइडवर जंतू दिसले नाहीत, स्फटिकही नाहीत, पण कल्चरचा, म्हणजे त्या पाण्यात जंतू वाढतात का ते बघायच्या तपासणीचा, निकाल यायला दोन-तीन दिवस. तोवर भरती आणि सलाइनमधून अँटिबायोटिक, आणि वाढलंच तर सांधा धुवावा लागेल ही तलवार डोक्यावर. बुधवारी दुपारी कल्चर आलं, काहीही वाढलं नव्हतं. जंतू नाहीत, स्फटिकही नाहीत, म्हणून कागदावर निदान: जेलची तीव्र दाहक प्रतिक्रिया. जंतू नसताना जंतूंसारखं सोंग आणणारी. अँटिबायोटिक बंद, सूज उतरवायच्या गोळ्या, बर्फ, आराम. दहा दिवसांत मी जिना उतरायला लागलो. आणि तिसरं इंजेक्शन, त्याच जेलचं, आयुष्यात घ्यायचं नाही, असं लाल पेनाने डिस्चार्जवर लिहून दिलं. हॉस्पिटलचं बिल ४१ हजार. नशिबाने मुलीच्या कंपनीच्या विम्यात मी आहे.

आता क्लिनिककडे परत. पंधराव्या दिवशी काठी घेऊन २१ पायऱ्या चढलो. मला दोन गोष्टी हव्या होत्या: तिसऱ्या इंजेक्शनचे पैसे, आणि दुसऱ्याचा खोका. खोका टाकला म्हणाले. डॉक्टर आत पेशंटबरोबर. मी बसून राहिलो. बसून राहणं हे एसटीवाल्याला शिकवावं लागत नाही. तासाभराने ती मुलगी स्वतःच म्हणाली, "काका, तुमचं तिसरं कपाटात आहे. पॅकेजमध्ये तुमच्या नावाने काढून ठेवलं होतं." तिने खोका समोर ठेवला. आत घडी घातलेला कागद, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात. माझ्या मुलीने तो मोबाइलवर मोठा करून वाचला.

त्यात सगळं होतं. इंजेक्शननंतर दुखणं, सूज, सांध्यात पाणी भरणं. सूज फार आली तर पाणी काढून तपासावं, जंतुसंसर्ग नाही याची खात्री करावी. पक्ष्यांपासून बनलेल्या पदार्थांची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी घेऊ नये. कारण त्याच्या वरच्याच ओळीत लिहिलं होतं की हे जेल, हायल्युरॉनिक आम्लाचा हा प्रकार, कोंबड्याच्या तुऱ्यापासून काढतात.

मुलगी वाचायची थांबली आणि माझ्या गळ्याकडे बघायला लागली. माझ्या आजोबांपासून माळ आहे घरात. आमच्याकडे अंड्याचा केक येत नाही. आणि मी दोन शुक्रवार पैसे मोजून कोंबडा गुडघ्यात घालून घेतला होता, दिवेघाट चढायला, पंढरपूरच्या वाटेवर! हिला सांगितलं तर आधी कपाळाला हात लावला आणि मग इतकी हसली की तिला ठसका लागला. आमच्या दिंडीतल्या बुवांना विचारलं, ते म्हणाले औषधाला दोष नाही. नसेल. पण मला विचारायला हवं होतं. जंतूंपासून, आंबवून बनवलेलंही जेल मिळतं, हे मला कॅज्युअल्टीतल्या मुलीकडून कळलं, आधीच्या चार मिनिटांच्या भेटीत नाही.

डॉक्टर बाहेर आले. "असं लाखात एखाद्याला होतं," म्हणाले. मी म्हटलं, मग त्या लाखात एकाने रात्री कोणाला फोन करायचा? ते गप्प. हे त्यांच्या बाजूने लिहितो: त्यांनी काही चुकवलं असं नाही. सुई स्वच्छ होती, जागा बरोबर होती, कल्चरमध्ये जंतू आले नाहीत यातच ते सिद्ध झालं. रिअ‍ॅक्शन कोणाच्याही हातून येऊ शकते. माझी तक्रार इंजेक्शनच्या आधीच्या चार मिनिटांबद्दल आणि नंतरच्या शनिवारबद्दल आहे.

जेलने मुळात फरक किती पडतो, याचंही मला कोणी सांगितलं नव्हतं. हॉस्पिटलमध्ये पडल्या पडल्या भाच्याने शोधून वाचून दाखवलं. २०२२ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये १६९ चाचण्यांचा, २१ हजारांवर रुग्णांचा एकत्र हिशोब छापून आला. खोट्या इंजेक्शनच्या तुलनेत दुखणं कमी होतं ते इतकं थोडं की रुग्णाला जाणवेलच असं नाही, आणि गंभीर त्रास मात्र जेलवाल्यांत जास्त. अमेरिकेतल्या हाडांच्या सर्जनांची संघटनाही २०२१च्या मार्गदर्शनात सरसकट जेल देऊ नका म्हणते. माझ्या पहिल्या आठवड्याचं 'बरं वाटलं' त्यात कुठे बसतं, ते विठ्ठल जाणे.

तलावपाळीच्या कट्ट्यावर हे सांगितलं तर प्रत्येकाने आपापला गुडघा काढला. आमच्यातल्या रिटायर्ड पोस्टमास्तरांनी स्टेरॉइड घेतलं होतं, त्यांना डायबेटिस. दुसऱ्या दिवशी साखर ३२०, चौथ्या दिवशी उतरली. घरच्यांना वाटलं यांनी चोरून आंबा खाल्ला. चार दिवस घरात बोलणं बंद, आणि आंबा खरोखरच खाल्ला नव्हता. स्टेरॉइडने मधुमेह्यांची साखर काही दिवस चढते हे आधी सांगितलं असतं तर वैशाख बरा गेला असता. दुसऱ्या एका बाईंच्या सुईच्या जागी रुपयाएवढा पांढरा डाग राहिलाय, त्या कोड समजून घाबरल्या होत्या. आणि ज्यांचं ऑपरेशन ठरलंय त्यांनी तर विचारूनच घ्यावं, कारण सांधा बदलायच्या आधीच्या तीन महिन्यांत स्टेरॉइड घेतलं तर नव्या सांध्यात जंतू जायचा धोका वाढतो. दर तीन महिन्यांनी घेत राहणाऱ्यांसाठीही एक गोष्ट आहे: २०१७ साली छापून आलेल्या एका चाचणीत दोन वर्षं असं स्टेरॉइड घेणाऱ्यांची कूर्चा नुसतं मिठाचं पाणी टोचलेल्यांपेक्षा जास्त झिजली, आणि दुखणं दोघांचं सारखंच.

औषधाची रिअ‍ॅक्शन आली तर सरकारला कळवता येतं, हेही मला आधी माहीत नव्हतं. १८००-१८०-३०२४, फोन फुकट, गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनचा. डॉक्टरच कळवू शकतो असं नाही, रुग्णही कळवतो. मी केला. पलीकडच्या बाईंनी शांतपणे सगळं विचारलं: कधी घेतलं, किती तासांनी सुजलं, काय उपचार झाले. मग बॅच नंबर. मी तिसऱ्या खोक्याचा सांगितला आणि हेही सांगितलं की दुसऱ्याचा तोच होता की नाही ते मला शपथेवर सांगता येणार नाही. म्हणजे पुन्हा तिकीटच नाही.

पैशांचं: ५,५०० मागितले, ४,००० मिळाले, दोन खेपा आणि एक लेखी अर्ज. १,५०० 'अ‍ॅडमिन चार्जेस'. मी वाद घातला नाही, अर्जाच्या प्रतीवर 'उर्वरित १,५०० येणे' असं लिहून त्यांची सही घेतली. जुनी सवय.

सध्या गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबायची, दहा मोजायचे, सोडायचं, असं सकाळ-संध्याकाळ फिजिओथेरपीवालीने सांगितल्याप्रमाणे करतो. वजन चार किलो उतरलंय, निम्मं हॉस्पिटलच्या जेवणाने. तलावपाळीला दोन फेऱ्या, काठीने. यंदा दिवेघाट नाही, पुण्यात दर्शन घेऊन परत.

काल क्लिनिकमधून त्या मुलीचा फोन आला होता. "काका, तुम्ही एकच तारा दिलाय, सर विचारत होते." म्हणून बदलून दोन केले. पहिला सुईच्या हाताला. दुसरा तिचा, कारण मी निघताना डॉक्टर आत गेल्यावर तिने त्या तिसऱ्या खोक्यावरचा बॅचचा स्टिकर नखाने सावकाश सोडवला, फाटू न देता, आणि माझ्या पावतीच्या मागे चिकटवून दिला.